चाळीस दिवसांचे व्रत आणि संत ऑगस्टीन

इ. स. ३८७ च्या आरंभी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळास प्रारंभ होण्याच्या सुमारास, उत्तर इटलीतील मिलान नगरीत बाप्तिस्म्यासाठी ज्यांनी नावे दिली त्यांत बत्तीस वर्षांचा एक आफ्रिकी गृहस्थ होता. थोड्याच महिन्यांपूर्वीपर्यंत तो त्या राजनगरीत वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. बादशहाची स्तुतिपर भाषणे रचणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. आता तो इतर उमेदवारांबरोबर उपवास करीत होता, श्रद्धासूत्राचे शिक्षण घेत होता. त्या काळच्या प्रथेप्रमाणे ह्या उमेदवारांना स्नानाचे सुखही वर्ज्य असे. सैतानाच्या निःसारणाचे विधी त्यांच्यावर केले जात. २४ एप्रिलच्या रात्री, म्हणजे ईस्टरच्या जागरात, बिशप ॲम्ब्रोज ह्याच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. आजच्या मिलानमधील महामंदिराच्या खाली त्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे अवशेष पाहावयास मिळतात. हा गृहस्थ म्हणजे पुढे संत म्हणून ख्यातकीर्त झालेला ऑगस्टीन होय.

चरित्रकारांचा ओढा साहजिकच ह्या प्रसंगापर्यंतच्या कथेकडे असतो, कारण ती नाट्यमय आहे. तिच्यात पापी तरुण, अश्रू ढाळणारी माता आणि अखेरीस होणारा हृदयपालट हे सारे आहे. परंतु मोहाच्या प्रश्नाचा विचार करू लागले की ऑगस्टीनचे खरे महत्त्व बाप्तिस्म्यानंतरच्या त्रेचाळीस वर्षांत आहे असे ध्यानात येते. ज्याचा पालट झाला त्याला मोह सोडून जातो काय, हा प्रश्न त्याने जितक्या निर्दयपणे स्वतःला विचारला तितका प्राचीन ख्रिस्ती लेखकांपैकी क्वचितच कोणी विचारला असेल.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगता येईल. त्याचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते ह्या गावी झाला. आज ते अल्जीरियात सूक अहरास ह्या नावाने ओळखले जाते. माता मोनिका ख्रिस्ती होती. पिता पात्रिसियुस ह्याने अखेरच्या दिवसांतच तो धर्म स्वीकारला. कार्थेज येथे शिकत असताना एका स्त्रीशी त्याचा संबंध जडला आणि त्यांना आदेओदातुस नावाचा पुत्र झाला. सुमारे पंधरा वर्षांच्या सहवासानंतर, मोठ्या घराण्यातील विवाह ठरला म्हणून, त्या स्त्रीला आफ्रिकेस परत धाडण्यात आले. तिच्या वियोगाचे दुःख ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे, तिचे नाव मात्र कोठेही दिलेले नाही. स्वतःची एवढी झाडाझडती घेणाऱ्या लेखकाने ही एक गोष्ट अशी का सोडावी, हे कोडे वाचकाला सतावल्यावाचून राहत नाही.

नऊ वर्षे तो मानी ह्याच्या पंथाचा अनुयायी होता. माणसातील दुष्ट प्रेरणा ही त्याची स्वतःची नसून अंधाराच्या परकीय तत्त्वाची असते, असे तो पंथ शिकवी. मोहाला शरण जाणाऱ्याला ही शिकवण मोठी सोयीची होती. ३८६ च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या बागेत त्याने जो निर्णय घेतला त्यापूर्वीच हा दिलासा त्याच्या हातून सुटला होता. त्याला कळून चुकले होते की इच्छिणारा तोच आणि अडविणाराही तोच; त्याला बांधणारी साखळी बाहेरून कोणी घातलेली नव्हती, ती सवयीच्या एकेका कडीने त्याने स्वतःच घडविली होती. शेजारून आलेला बालस्वर, उघडलेले पुस्तक, पौलाच्या रोमकरांस पत्रातील एक उतारा, हे सर्वपरिचित आहे. त्यानंतर त्याने विवाह आणि अध्यापकाचे पद ह्या दोहोंचा त्याग केला.

बाप्तिस्म्यानंतर आफ्रिकेस परतत असता ओस्तिया बंदरात मोनिका निवर्तली. पुत्रही अल्पवयातच गेला. ३९१ मध्ये हिप्पो येथे, आजच्या अन्नाबा शहराच्या ठिकाणी, तेथील लोकांनी त्याला जवळजवळ बळेच धर्मगुरुपदी बसविले. त्या वेळी त्याने वृद्ध बिशप वालेरियुसला पत्र लिहून ईस्टरपर्यंतचा अवधी मागितला. शास्त्राचा अभ्यास आणि प्रार्थना केल्याशिवाय इतरांच्या आत्म्यांची जबाबदारी घेणे धोक्याचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. बाप्तिस्मा घेऊन चार वर्षे लोटली होती, तरीही आपल्या दुबळेपणाची त्याला धास्ती वाटत होती. वालेरियुसनंतर तोच बिशप झाला, आणि ३९७ च्या सुमारास त्याने ‘कन्फेसिओनेस’ हा ग्रंथ लिहावयास घेतला.

ह्या ग्रंथाच्या पहिल्या नऊ भागांत गतायुष्य आहे. दहाव्या भागात मात्र बिशपपदावर असलेला लेखक वर्तमानात उभा राहतो आणि आज आपण मोहापुढे कसे आहोत ह्याची जाहीर तपासणी करतो. असे लेखन पदस्थ मनुष्याला गैरसोयीचे असते. योहानाच्या पहिल्या पत्राला अनुसरून त्याने मोहाचे तीन वर्ग केले आहेत: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसारातील गर्व. मराठी वाचकाला येथे षड्रिपूंची आठवण होईल. पण ऑगस्टीन शत्रूंची यादी देऊन थांबत नाही, एकेका इंद्रियाच्या दारापाशी जाऊन आत कोण शिरले आहे ते पाहतो. सबंध ग्रंथ ईश्वराला संबोधून असल्यामुळे संतांच्या आत्मनिवेदनपर अभंगांशीही त्याचे दूरचे साम्य भासते. येथे मात्र निवेदनाला बारीक चिकित्सेची जोड आहे.

जागेपणी ज्यावर विजय मिळविला ते स्वप्नात परत येते, हे तो लपवीत नाही. अन्नाविषयीचे त्याचे विवेचन उपवासकाळाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. अन्न औषधासारखे घ्यावे हे खरे; पण भुकेकडून तृप्तीकडे जाण्याची वाटच सुखाची आहे, आणि आरोग्यासाठी पुरेसे असते ते सुखाला अपुरे पडते. मग गरज कोठे संपली आणि चोचले कोठे सुरू झाले हे ठरविणे कठीण होते. आणि मन ह्या संदिग्धतेवर खूष असते, कारण तिच्या आड त्याला लपता येते. स्त्रीसंगाचा त्याग एकदाच करून टाकता येतो, परंतु जेवण तसे कायमचे सोडता येत नाही. लगाम न फार ढिला न फार ताठ, असा रोज धरावा लागतो.

कानाच्या सुखाबाबत तो स्वतःशीच वाद घालतो. मिलानच्या मंदिरातील स्तोत्रगायनाने त्याला रडविले होते. पुढे गायनाची गोडी गीताच्या अर्थाला मागे टाकते असे जाणवू लागताच त्याला हे गायनच नको असे वाटले. अखेरीस दुर्बळ मनांना त्याचा आधार होतो म्हणून त्याने ते मान्य केले. डोळ्यांच्या वासनेत तो निष्फळ कुतूहलही धरतो. शर्यतीच्या मैदानात कुत्र्याने सशाचा पाठलाग करताना पाहावयास आता तो जात नाही. पण रानातून जाताना तेच दृश्य दिसले तर विचार भरकटतो. घरी बसल्या बसल्या पाल माशी पकडताना किंवा कोळी तिला जाळ्यात गुंडाळताना दिसला तरी लक्ष तिकडेच जाते. थोर पापांच्या कथा सांगणारे पुष्कळ आहेत. कोळ्याकडे पाहत राहिल्याची नोंद करणारा विरळा.

सर्वांत अवघड त्याला वाटतो तो स्तुतीचा मोह. अन्नावाचून राहून पाहिले तर अन्नाची आसक्ती किती आहे ते समजते. उपवासाचा हा एक उपयोगच आहे. पण स्तुतीवाचून राहून पाहावयाचे तर काय मुद्दाम वाईट वागावे? चांगल्या वर्तनामागे स्तुती येतच राहणार. म्हणून आपण तिच्यापासून मुक्त आहोत की नाही हे मनुष्याला कधीच नक्की कळत नाही. शिवाय कीर्तीचा तिरस्कार करतो म्हणून मिरविणे हीदेखील कीर्तीचीच भूक होय.

ह्याच भागात त्याने संयमाविषयी एक प्रार्थना केली आहे. देवाने जे करावयास सांगितले ते करण्याचे बळही त्यानेच द्यावे, असा तिचा आशय. रोममध्ये पेलागियुस ह्या ब्रिटिश तपस्व्याने ती ऐकली तेव्हा तो संतापला. सारे देवानेच द्यावयाचे तर मनुष्याच्या प्रयत्नाला अर्थ काय, असा त्याचा सवाल होता आणि तो खोडसाळ नव्हता. मानवी इच्छाशक्ती आणि ईश्वरी कृपा ह्यांविषयीच्या ज्या वादाने ऑगस्टीनची अखेरची दोन दशके व्यापली, त्याचे एक मूळ अशा रीतीने मोहावरील आत्मपरीक्षणात आहे. ऑगस्टीनची ठाम भूमिका कोरडी तत्त्वचर्चा नव्हती. निश्चय करूनही पाऊल उचलत नाही हा मिलानच्या बागेतला अनुभव तिच्या मुळाशी होता.

हिप्पोच्या लोकांपुढे उपवासकाळी केलेली त्याची काही प्रवचने उपलब्ध आहेत. ती विद्वानांसाठी नाहीत. बंदरातले कामकरी, व्यापारी, गृहिणी ह्यांच्यासाठी आहेत. मांस सोडले आणि त्याच्या जागी दुर्मिळ फळांची, महागड्या पक्वान्नांची रेलचेल केली, मद्य सोडले आणि इतर फळांचे उंची रस प्याले, तर तो उपवास नव्हे, चैनीची फेरबदल आहे, असे तो स्पष्ट बजावतो. उपवासाने जे वाचले ते गरिबाच्या पोटात गेले पाहिजे. आणि ज्याला पोटामुळे उपवास झेपत नाही त्यालाही वैर सोडून देणे झेपते, कारण क्षमेला कोणत्याही प्रकृतीची अडचण नाही. ख्रिस्ताच्या अरण्यातील चाळीस दिवसांचा अर्थही तो असाच लावतो. ख्रिस्ताची परीक्षा झाली ती आपल्या वतीने, आणि त्याच्या विजयात आपलाही वाटा आहे. शिवाय परीक्षेवाचून मनुष्याला स्वतःची ओळख होत नाही. लॅटिनमधील ‘तेन्तातिओ’ ह्या शब्दात परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी अनुवादात परीक्षा हा शब्द रूढ झाला, त्यामुळे दुसरी छटा काहीशी मागे पडली. ऑगस्टीन ह्या दोन अर्थांचा उपयोग करून घेतो: परीक्षा होणे वेगळे, आणि परीक्षेत खेचले जाऊन पडणे वेगळे.

व्रताच्या बाह्य नियमांबाबत मात्र तो हट्टी नव्हता. शनिवारी उपवास करावा की नाही असा पेच मोनिकाला मिलानमध्ये पडला होता, कारण रोमची आणि मिलानची चाल वेगळी होती. ज्या नगरात असू तेथील चाल पाळावी, असे ॲम्ब्रोजने सांगितले. तो निवाडा ऑगस्टीनने जन्मभर मानला. त्याचा शिष्य आणि चरित्रकार पोसिदियुस ह्याने त्याच्या घरचे वर्णन केले आहे. जेवण बहुधा भाजीपाल्याचे, पाहुण्यांसाठी किंवा आजाऱ्यांसाठी मांस, मद्य मात्र नेमाने पण मोजके. चमचे चांदीचे, बाकीची भांडी माती, लाकूड वा संगमरवराची. मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला येथे जागा नाही अशा अर्थाचा श्लोक कोरलेला होता, आणि सहकारी बिशपांनीच तो मोडला तेव्हा हा यजमान भर जेवणात रागावला होता. त्याच्या नावाने चालणाऱ्या नियमाचे अनुयायी १५७२ मध्ये गोव्यास पोहोचले. जुन्या गोव्यातील त्यांच्या भग्न मठाचा उरलेला मनोरा आजही उभा आहे.

आपल्यावर प्रेम केले जावे आणि आपला धाक असावा, ही वासनाही त्याने तिसऱ्या वर्गात नोंदविली होती. तरीही दोनातिस्त पंथीयांशी झालेल्या संघर्षात त्याची पावले त्याच दिशेने वळली. आरंभी त्याला केवळ युक्तिवाद पुरेसा वाटे. ४०८ च्या सुमारास मात्र राजसत्तेच्या दंडाने लोकांना ऐक्यात आणण्याचे त्याने समर्थन केले, आणि पुढल्या शतकांत छळ करणाऱ्यांनी त्या समर्थनाचा आधार घेतला. देहदंडाला त्याचा विरोध होता हे खरे. पण परिणामाने पटलेली सक्ती ही सत्तेची भुरळच नव्हती काय, हा प्रश्न दहाव्या भागाच्या लेखकाने स्वतःला विचारल्याचे आढळत नाही.

उतारवयात, ४२६–४२७ मध्ये, त्याने आपलेच ग्रंथ पुन्हा वाचून त्यांतील चुका नोंदविणारा ‘रेत्राक्तातिओनेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ९३ कृतींची छाननी आहे. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला आणि तिसऱ्या महिन्यात त्याला तापाने गाठले. बाप्तिस्मा घेतलेल्या सज्जनांनी, धर्मगुरूंनीही, पश्चात्तापावाचून देह ठेवू नये असे तो नेहमी म्हणे. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावविली आणि पडल्या पडल्या ती वाचून तो अश्रू ढाळीत राहिला. मृत्यूपूर्वी सुमारे दहा दिवस, वैद्याच्या आणि जेवणाच्या वेळांखेरीज कोणी आत येऊ नये, अशी त्याने विनंती केली. दिवस ऑगस्टचे होते. ईस्टर केव्हाच होऊन गेला होता. २८ ऑगस्ट ४३० रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तो मरण पावला. त्याने मृत्युपत्र केले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते. मंदिरातील ग्रंथसंग्रह मात्र पुढीलांसाठी जपावा, एवढे त्याने वारंवार सांगून ठेवले होते.