हाफकिन यांचा हिशेब

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेले असते, सर्पदंशावरच्या लसीमुळे किंवा पोलिओच्या डोसमुळे. ज्यांचे नाव या संस्थेला दिले ते वाल्देमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरात हाफकिन यांना बोलावले गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक लहानशी खोली आणि मोजके मदतनीस एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस स्वतःला टोचली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घ्यायला तयार झाले, बाकीचे तसेच राहिले. अन्न, कोठडी, काम सगळ्यांचे सारखेच. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला, त्यांचा हिशेब निराळा ठेवला होता. (कैद्याची संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न आजची नैतिकता समिती पहिल्याच बैठकीत विचारेल.)

पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. म्हातारे, मुले, अशक्त माणसे दोन्हीकडे शक्यतो सारखी राहतील असे पाहिले आणि एकाच भागाला लस दिली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. कोण कोणत्या घरातला, कोणाला लस मिळाली आणि पुढे त्याचे काय झाले, हे माणसागणिक लिहिलेले नसते तर या आकड्यांना काही अर्थ उरला नसता.

या नोंदींचे मोल हाफकिन यांना स्वतःलाच कळायचे होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सगळे ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब मात्र मागे पडली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. बाटलीचा क्रमांक आणि माणसाचे नाव यांची जोडी कागदावर नसती, तर दोष एका बाटलीचा की सगळ्या लसीचा, हे कोणाला सांगता आले असते?

आजच्या चाचणीत हेच काम संगणकातला डेटाबेस करतो. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषध-चाचणीची नोंदणी सक्तीची आहे. रुग्णागणिक माहितीचे मात्र अनेक सरकारी रुग्णालयांत अजून एक्सेलवरच भागते. तिथे कोणीही आकडा बदलावा आणि मागे खूणही राहू नये. महागड्या प्रणाली परवडत नाहीत हे खरे, पण व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेली रेडकॅप प्रणाली ना-नफा संस्थांना मोफत मिळते. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ती ठेवते, आणि रुग्णाचे नाव कोणाला दिसावे हेही ठरवता येते. भिवंडीतल्या कामतघरसारख्या वस्तीत यंत्रमाग कामगार आज इथे तर महिन्याने गावी. तिथे दुसऱ्या डोसाला कोण आले, कोण नाही, हे सुट्या कागदांवरून शोधणे कठीणच.

हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.