विद्यार्थ्यांच्या हाती लेखणी देणारे लुई ब्रेल

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे हे छोटेसे गाव आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि चामडी साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत असताना एक तीक्ष्ण हत्यार त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

आईवडिलांनी मुलाला घरात कोंडून ठेवले नाही. गावच्या धर्मगुरूंनी त्याच्या शिक्षणात लक्ष घातले आणि शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसू दिले. लुईची स्मरणशक्ती उत्तम होती. ऐकलेले तो चटकन आत्मसात करी. परंतु वाचनलेखनाची वेळ आली की त्याला स्वस्थ बसून राहावे लागे.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध विद्यार्थ्यांच्या शाळेत दाखल झाला. ही शाळा व्हालांताँ आउई यांनी स्थापन केली होती. तेथे नेहमीची रोमन अक्षरे कागदावर उठावदार छापलेली पुस्तके होती. ती आकाराने मोठी आणि वजनदार असत. एकेक अक्षर बोटांनी चाचपून ओळखावे लागे, त्यामुळे वाचन अत्यंत संथ होई. त्याहून मोठी उणीव अशी की, या पद्धतीने विद्यार्थ्यांना स्वतः काही लिहिता येत नसे. शिक्षकांचे म्हणणे पुस्तकातून त्यांच्यापर्यंत पोहोचे. त्यांचे स्वतःचे विचार मात्र कागदावर उतरत नसत.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची लेखनपद्धती या शाळेत आली. खाचा असलेल्या पाटीवर जाड कागद ठेवून टोकदार लेखणीने टिंबे उठवायची, अशी तिची रीत होती. ती उच्चारांवर आधारलेली असल्याने शुद्धलेखनाला तीत स्थान नव्हते आणि बारा टिंबांचे चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हते. लुईने फावल्या वेळात आणि सुट्टीत तिच्यावर सतत प्रयोग केले. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने टिंबांची संख्या सहावर आणली. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळींतून ६३ चिन्हे तयार होतात आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावते. अक्षरे, विरामचिन्हे, अंक, संगीताचे स्वर असे सर्व काही त्यांत बसले. १८२९ मध्ये ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

१८३३ मध्ये ब्रेल त्याच शाळेत पूर्णवेळ शिक्षक झाले. आता त्यांचे विद्यार्थी टिपणे काढू लागले, परस्परांना पत्रे लिहू लागले. पण डोळस आईवडिलांना ही टिंबे कशी वाचता यावीत? यासाठी ब्रेल यांनी १८३९ मध्ये, टिंबांतूनच नेहमीच्या अक्षरांचा आकार साधणारी आणखी एक पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे पिएर फूको या अंध कारागिराने लेखनयंत्र बनवले. अंध मुलाने लिहिलेले पत्र आता घरची माणसे स्वतः वाचू शकत होती.

दुर्दैवाने १८४० नंतर नव्या संचालकांनी सहा टिंबांच्या लिपीला शाळेत मनाई केली. अंधांची अक्षरे डोळसांसारखीच असावीत, असा तेव्हा अनेकांचा आग्रह होता. विद्यार्थ्यांनी मात्र ही लिपी सोडली नाही. ती चोरून लिहिली जात राहिली. अखेर उपसंचालक जोसेफ गादे यांना तिचे मोल पटले. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

ब्रेल यांना क्षयाने ग्रासले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस वर्षे पूर्ण होताच, त्यांचे निधन झाले. शाळेने त्यांच्या लिपीचा अधिकृत स्वीकार केला तो दोन वर्षांनी, १८५४ मध्ये. १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये सन्मानपूर्वक नेण्यात आले. त्याआधी एक वर्ष, १९५१ मध्ये, भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी निश्चित झाली होती. मराठी मुळाक्षरेही आज त्याच सहा टिंबांत लिहिली जातात.

आता संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर टिंबे आपोआप वर येतात आणि पडद्यावरचा मजकूर बोटांना वाचता येतो. बोलण्यास अडचण असलेली मुले चित्रफलकांच्या किंवा बोलक्या यंत्रांच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडतात. अशी साधने वर्गात आणताना ब्रेल यांच्या शाळेचा अनुभव आपण ध्यानी घ्यावा. विद्यार्थ्याला त्या साधनातून केवळ ऐकता-वाचता येते, की स्वतःचे उत्तर, शंका आणि मतभेदही मांडता येतात, हे आधी पाहावे. आणि साधन शिक्षकाला अपरिचित वाटले, तर ते विद्यार्थ्याच्या हातून काढून घेण्याऐवजी शिक्षकाने ते शिकून घ्यावे. पॅरिसच्या त्या शाळेला हे उमगण्यास तीस वर्षे लागली. आपल्या वर्गातील मुलाला तेवढी वाट पाहावी लागू नये.