मालकाची फजिती

इ. स. १८९४ मध्ये शिकागोत जन्मलेला बेंजामिन कुबेल्स्की वॉकीगन या गावी वाढला. त्याने थोर व्हायोलिनवादक व्हावे, ही वडिलांची इच्छा. चिरंजीव व्हायोलिन घेऊन रंगमंचावर गेले खरे, पण लोकांना हसवू लागले आणि जॅक बेनी झाले.

१९३२ च्या मे महिन्यात त्याचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. मंदीचा काळ; नोकरदार माणूस मालकापुढे मान खाली घालून उभा. बेनीने नेमके हेच उलटे केले. कार्यक्रम करणारी मंडळी हाच त्याच्या कार्यक्रमाचा विषय, आणि मालक तो स्वतः : कमालीचा चिक्कू, बढाईखोर, वय कायम ३९! गायक डेनिस डेला गाण्याच्या पगारात मालकाच्या अंगणातले गवतही कापावे लागे. निवेदक डॉन विल्सन, बँडवाला फिल हॅरिस, सारेच मालकाची टोपी उडवीत. हशा त्यांच्या वाट्याला. बेनीकडे उरे ती केवळ स्तब्धता. दरोडेखोराने पैसा की प्राण असे विचारले, तेव्हा तो नुसता गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याला श्रोते पोट धरून हसले. रेडिओवर गप्प बसायला छाती लागते!

सर्वांत धारदार जीभ नोकर रॉचेस्टरची. ही भूमिका करणारा एडी अँडरसन कृष्णवर्णीय होता. आरंभीच्या विनोदात वर्णभेदाचे हिणकस शिंतोडे होते, हे झाकण्यात अर्थ नाही. महायुद्धानंतर बेनीने ते काढून टाकले; नोकराचे उलट उत्तर मात्र राहिले.

प्रत्यक्षात बेनी सढळ हाताचा. डिसेंबर १९७४ मध्ये तो वारला. पत्नीला रोज एक लाल गुलाब पोहोचावा, अशी तजवीज या चिक्कूने करून ठेवली होती.