बाबासाहेब, वीज आणि गायरान

बाबासाहेब म्हटले की घटना आणि आरक्षण, इथेच बहुतेकांची गाडी थांबते. विजेशी त्यांचा किती जवळचा संबंध होता, हे आपल्या सभांतूनही क्वचितच सांगितले जाते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले, कोलंबिया व लंडनला शिकलेले बाबासाहेब मुळात अर्थतज्ज्ञ. 1918 मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी नेमके दुखणे दाखवले: शेतीवर माणसांचा भार फार आहे, तो उद्योगधंद्यांनीच हलका होईल. आणि उद्योगांना वीज लागते.

तेव्हा आपल्या भागात वीज कुठून येत होती? पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीतले पाणी अडवून सह्याद्रीखाली खोपोली, भिवपुरी, भिरा येथे सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी टाटांची योजना होती. 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्या. परळच्या चाळीत राहिलेले बाबासाहेब मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरत होते. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. 1928 च्या संपावेळी त्यांनी तो प्रश्न धसास लावला. म्हणजे पाणी पुण्याचे, वीज मुंबईची, नफा मालकांचा आणि आपला माणूस जास्त मजुरीच्या खात्याबाहेर!

1932 मध्ये याच पुण्यात येरवडा करारावर सही करावी लागलेला हा माणूस 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला: वीज खासगी असावी की सरकारी, जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? त्यांचा आग्रह स्वस्त आणि मुबलक विजेचा होता. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर आणि महानदी खोऱ्यांत पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार सुरू झाला. वीज कुठे तयार व्हावी, हे गिरणीमालकाच्या सोयीने नव्हे तर सार्वजनिक धोरणाने ठरू लागले. पुढे घटनेतही वीज हा विषय समवर्ती सूचीत राहिला.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. जानेवारी 1957 मध्ये हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले, ते पाहायला ते नव्हते. त्या धरणातही गावे बुडाली, हे आपण विसरता कामा नये.

आजही भूगोल धोरणच घडवते. जून 2025 पर्यंत सुरू होणाऱ्या सौर व पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्कात माफी मिळाली आणि मोठे सौर प्रकल्प राजस्थान-गुजरातच्या ओसाड माळांवर गेले. आपल्याकडे 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने प्रकल्प गावच्या उपकेंद्राजवळ आणले. त्यासाठी सरकारी जमिनी दिल्या जातात, आणि सरकारी जमीन म्हणजे अनेक गावांत गायरान!

त्या गायरानांवर भूमिहीन दलितांनी घाम गाळून शेती उभी केली आहे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते याच हक्कासाठी. खासगी जमीनमालकाला या योजनेत वार्षिक भाडे मिळते. मग गायरान कसणाऱ्याला काय?

पट्टी बसवण्याआधी ग्रामसभेत कसणाऱ्यांची नोंद झाली पाहिजे, पट्टे मिळाले पाहिजेत, भाडे आणि रोजगारात वाटा मिळाला पाहिजे. सूर्य सगळ्यांचा आहे. पण त्याखालची जमीन कुणाची, हे धोरण ठरवते. आणि ते ठरताना आपण तिथे हजर असले पाहिजे.