हेन्री कॅबट लॉज : दाराचा पहारेकरी

बोस्टन बंदरातून चीनकडे जहाजे पाठवून ज्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात संपत्ती मिळविली, त्यांपैकी एका घराण्यात १२ मे १८५० रोजी हेन्री कॅबट लॉज यांचा जन्म झाला. वडिलांकडून व्यापाराचा वारसा होता आणि आईकडून कॅबट या त्या शहरातील अतिशय मानाच्या कुळाचा. ते बारा वर्षांचे असताना वडील वारले, पण पैशाची ददात कधी भासली नाही. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि इतिहासकार हेन्री अ‍ॅडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७६ साली इतिहासात डॉक्टरेट मिळविली. हार्वर्डने या विषयात दिलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरेटपैकी ती एक होती. प्रबंध अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जमीनविषयक कायद्यावर होता. हा विषय केवळ अभ्यासापुरता राहिला नाही. अमेरिकेतील स्वातंत्र्य आणि स्वराज्य ही इंग्लंडातून आलेल्या एका विशिष्ट वंशाची कमाई आहे, अशी त्यांची जी समजूत त्या काळात बनली ती अखेरपर्यंत ढळली नाही.

पुढे त्यांनी हॅमिल्टन, वेब्स्टर आणि वॉशिंग्टन यांची चरित्रे लिहिली. १८८७ साली ते प्रतिनिधिगृहात गेले आणि १८९३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर राहिले. उंच, सडपातळ, टोकदार दाढीचा, किंचित तुटक वागणारा हा विद्वान गृहस्थ लोकांना फारसा आवडत नसे. पण तो निवडून येत असे. रिपब्लिकन पक्षाच्या पुराणमतवादी गोटात त्याच्याइतका वाचलेला माणूस क्वचितच होता.

लॉज यांना एका रंगात रंगविणे सोपे नाही. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांना मतदान करता यावे म्हणून संघीय देखरेखीचे विधेयक १८९० साली प्रतिनिधिगृहात आणणारे हेच लॉज. ते विधेयक सिनेटमध्ये बुडाले. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियन माणसांना ठार मारले. इटलीने आपला वकील परत बोलावला आणि अमेरिकेला शेवटी भरपाई द्यावी लागली. लॉज यांनी या प्रकरणावर लेख लिहिला. जमावाचा निषेध त्यांनी केला, परंतु रोगाचे मूळ त्यांना दिसले ते अनिर्बंध स्थलांतरात. मारले गेले त्यांच्याच येण्यात मारण्याचे कारण शोधण्याचा हा युक्तिवाद आज वाचताना विचित्र वाटतो. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. बोटीतून उतरणारा माणूस आणि परराष्ट्राशी असलेला संबंध हे दोन प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यापासून एकत्र उभे होते.

त्या काळात अमेरिकेत येणाऱ्यांचे मूळ बदलत होते. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनीऐवजी आता दक्षिण इटली, रशिया, पोलंड, हंगेरी येथून माणसे येत होती. १९०७ या एका वर्षात साडेबारा लाखांहून अधिक लोक उतरले. हार्वर्डमधून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी १८९४ साली बोस्टनमध्ये स्थलांतर निर्बंध संघटना स्थापन केली आणि सिनेटमध्ये तिला लॉज यांचा आवाज मिळाला. उपाय दिसायला साधा होता. येणाऱ्या प्रौढाने कोणत्याही एका भाषेतील वीस-पंचवीस शब्द वाचून दाखवावेत. कोणत्याही देशाचे नाव न घेता नको असलेले लोक वगळण्याची ही युक्ती होती, आणि लॉज यांनी ती लपविली नाही. १६ मार्च १८९६ च्या सिनेटमधील भाषणात त्यांनी आकडेवारी मांडून दाखविले की चाचणीची झळ इटालियन, रशियन, पोलिश लोकांना बसेल, इंग्रजांना आणि जर्मनांना जवळजवळ नाही. वंशाचा स्वभाव बदलत नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांचा आधार घेतला. काँग्रेसने विधेयक संमत केले. मार्च १८९७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडण्यास दोन दिवस असताना ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

यानंतरची वीस वर्षे हा वाद पुराणमतवाद्यांच्या घरातला वाद झाला, आणि त्याची कडवट बाजू तीच. कारखानदार, खाणमालक, रेल्वे कंपन्या हे सारे रिपब्लिकन पक्षाचे आधारस्तंभ होते आणि त्यांना स्वस्त मजूर हवे होते. सभापती जोसेफ कॅनन हे कट्टर जुन्या वळणाचे. त्यांनी १९०६ मध्ये साक्षरतेची अट आपल्या सभागृहात अडवून धरली. १९१३ साली रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांनीही तिला नकार दिला. लॉज स्वतः ज्या चौकशी आयोगावर होते त्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये एक्केचाळीस खंडांचा अहवाल देऊन त्यांचीच बाजू उचलून धरली होती, तरीही. थैलीसाठी दार उघडे ठेवायचे की वंशासाठी बंद करायचे, असा हा पेच होता. लॉज यांनी आपल्याच पक्षातील धनिकांची नाराजी पत्करली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

याहून खोल विरोध मात्र शेजारच्या खुर्चीतून होता. मॅसॅच्युसेट्सचे दुसरे सिनेटर जॉर्ज फ्रिस्बी हॉर हे वयाने आणि परंपरेने लॉज यांच्याहून जुने रिपब्लिकन. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला तेव्हा माणसाला वंशावरून वगळणे हे अमेरिकेच्या जाहीर तत्त्वांशी विसंगत आहे, असे म्हणून हॉर त्याच्याविरुद्ध उभे राहिले होते. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर फिलिपाइन्स ताब्यात घेण्यालाही त्यांनी त्याच कारणाने विरोध केला. दुसऱ्याच्या भूमीवर बळाने राज्य करू नये, दुसऱ्याच्या जन्मावरून दार लावू नये, अशी ही सरळ रेघ होती. लॉज यांची रेघ उलट होती. बलाढ्य आरमार, समुद्रापार ठाणी, फिलिपाइन्सचा ताबा, आणि घरी मात्र कडी. आपले जिवलग मित्र थिओडोर रूझवेल्ट यांना नौदल खात्यात जागा मिळावी म्हणून त्यांनीच खटपट केली होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये स्पेनबरोबरचा तह सिनेटमध्ये ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला; लॉज त्याचे खंबीर समर्थक होते. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची १९०२ साली चौकशी झाली, तिचे अध्यक्षही तेच, आणि ती फार खोल जाणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. या विजयाचा एक परिणाम मात्र त्यांच्या धोरणात बसणारा नव्हता. अमेरिकेच्या अमलाखाली आल्यामुळे फिलिपिनो माणूस परका राहिला नाही, आणि पुढे आशियातील बहुतेकांना दार बंद झाले तेव्हाही तो येत राहिला.

अखेर युद्धाच्या सावटाखाली लॉज यांचे काम झाले. वुड्रो विल्सन यांनी दोनदा नकार दिला. ५ फेब्रुवारी १९१७ रोजी काँग्रेसने तो नकार दोन-तृतीयांश मतांनी झुगारला. सोळा वर्षांवरील व्यक्तीला आता तीस-चाळीस शब्द वाचून दाखवावे लागणार होते. याच कायद्यात नकाशावर रेघा ओढून एक प्रतिबंधित आशियाई पट्टा ठरविण्यात आला आणि त्यात हिंदुस्थान आला. विद्यार्थी, प्रवासी, व्यापारी अशांना सूट होती, मजुराला नव्हती. दोन महिन्यांनी, विल्सन यांनी काँग्रेसकडे युद्धघोषणेची मागणी केली त्या दिवशी, एका युद्धविरोधी तरुणाशी कचेरीच्या दारात बाचाबाची होऊन सहासष्ट वर्षांच्या लॉज यांनी त्याला ठोसा लगावला. तुटक, थंड म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाची त्या दिवशी वर्तमानपत्रांनी वाहवा केली.

विल्सन आणि लॉज यांचे वैर पुढे राष्ट्रसंघाच्या प्रश्नावर जगाने पाहिले. ते बहुधा दोन अहंकारांची झुंज म्हणून सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहेच. लॉज यांना विल्सन मनस्वी अप्रिय होते. परंतु झुंजीच्या तळाशी तोच जुना प्रश्न होता. १९१९ साली पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचे तत्त्व घालावे असा प्रस्ताव आणला. सतरापैकी अकरा मते अनुकूल पडली, तरी एकमत नाही म्हणून अध्यक्षस्थानावरील विल्सन यांनी तो फेटाळला. स्थलांतराच्या कायद्यांना त्यातून धक्का बसेल ही भीती ब्रिटिश वसाहतींना होती, तशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाही होती. लॉज तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते. अडीचशेहून अधिक पानांचा तह त्यांनी समितीपुढे जवळजवळ दोन आठवडे मोठ्याने वाचला; ऐकायला फारसे कोणी नसे. मग त्यांनी चौदा अटी पुढे केल्या. कोणत्या बाबी देशाच्या अंतर्गत आहेत हे अमेरिकाच ठरवील, अशी त्यांतली एक अट होती, आणि त्या बाबींच्या यादीत स्थलांतराचे नाव स्पष्ट घातले होते.

हिंदी वाचकाला या प्रसंगातील एक दृश्य माहीत असावे. लोकमान्य टिळकांनी त्याच वर्षी शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचे निवेदन पाठविले होते. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय इंडियन होमरूल लीगची अमेरिकी शाखा चालवीत होते आणि पुढे हुबळीला हिंदुस्थानी सेवा दल उभारणारे डॉ. ना. सु. हर्डीकर त्यांचे सहकारी होते. या लीगतर्फे वकील डडली फील्ड मलोन यांनी ऑगस्ट १९१९ मध्ये लॉज यांच्या समितीपुढे हिंदुस्थानची बाजू मांडली. समितीने ती ऐकून घेतली, कारण राष्ट्रसंघ म्हणजे ब्रिटिश साम्राज्याची पाठराखण हे दाखवायला ती उपयोगी होती. हिंदी मजुराला दार बंद करणाऱ्या कायद्यासाठी ज्यांनी वीस वर्षे घालविली, तेच गृहस्थ अध्यक्षस्थानी बसलेले होते.

पुराणमतवादी इथेही एकदिलाने नव्हते. टॅफ्ट राष्ट्रसंघासाठी गावोगाव भाषणे देत होते, एलिहू रूट काही दुरुस्त्या करून तो स्वीकारावा असे सुचवीत होते, आणि बोरा व हायरम जॉन्सन यांना तो कोणत्याही रूपात नको होता. लॉज यांनी या सर्वांना अटींच्या दोरीने एकत्र बांधले. विल्सन यांनी अटी नाकारल्या. नोव्हेंबर १९१९ मध्ये तह अटींसह आणि अटींविना असा दोन्ही प्रकारे पडला. मार्च १९२० मध्ये ४९ विरुद्ध ३५ अशी मते मिळूनही दोन-तृतीयांशाला सात कमी पडली.

शेवटचे वर्ष सर्वांत बोलके आहे. फेब्रुवारी १९२४ मध्ये विल्सन वारले आणि त्यांच्या पत्नीने लॉज यांना अंत्यविधीस न येण्याविषयी कळविले. दोन महिन्यांनी सिनेटपुढे राष्ट्रवार कोट्याचे विधेयक आले. १८९० च्या जनगणनेच्या दोन टक्के हे प्रमाण मुद्दाम जुन्या वर्षाचे घेतले होते, म्हणजे इटालियन आणि पोलिश आपोआप गळतील. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात जपानी लोकांना पूर्ण बंदी होती. जपानशी १९०७ पासून सभ्य समझोता होता. त्यान्वये जपान स्वतःच मजुरांना परवाने देत नसे. परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज हे लॉज यांच्याच पक्षाचे. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन नाविक परिषदेत दोघे शेजारी बसले होते आणि जपानशी तह करून आले होते. ह्यूज यांनी लेखी बजावले की बंदीने त्या परिषदेची कमाई धुऊन जाईल, आणि कोटा लावला तरी जपानच्या वाट्याला वर्षाला अडीचशेच्या आतच माणसे येतील. अडीचशेसाठी एका नौदलसत्तेचा अपमान करावा काय, इतकाच प्रश्न होता.

सिनेट समझोता टिकविण्याकडे झुकत होती. तेवढ्यात जपानी राजदूत हानिहारा यांचे पत्र आले. बंदीचे गंभीर परिणाम होतील, असा शब्दप्रयोग त्यात होता. १४ एप्रिल रोजी लॉज उठले आणि ही झाकलेली धमकी आहे, असे त्यांनी सांगितले. परकी सत्तेच्या दडपणाखाली अमेरिका आपले दार कोणासाठी उघडायचे हे ठरविणार नाही, असा त्यांचा रोख होता. काही तासांत पारडे फिरले आणि समझोता मानण्याची सूचना प्रचंड बहुमताने पडली. हानिहारांनी धमकीचा हेतू नाकारला. उपयोग झाला नाही. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी बंदीवर नापसंती दर्शवीत २६ मे रोजी सही केली. जपानमध्ये निषेधसभा झाल्या आणि पाश्चात्त्यांशी जुळवून घेऊ पाहणारे तेथील नेमस्त पुढारी तोंडघशी पडले. ज्या लॉज यांनी १९१२ मध्ये मेक्सिकोच्या मॅग्डालेना उपसागरात जपानी कंपनीला जागा मिळू नये म्हणून सिनेटचा ठराव करविला होता, त्यांना जपानचे सामर्थ्य कळत नव्हते असे म्हणता येत नाही. ते कळूनही त्यांनी दार निवडले.

शस्त्रक्रियेनंतर आलेल्या पक्षाघाताने ९ नोव्हेंबर १९२४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९१६ साली जनतेच्या थेट मतदानाने पहिल्यांदा निवडून येताना लॉज यांनी हरविले होते ते जॉन फिट्झजेराल्ड यांना, बोस्टनचे माजी महापौर, आयरिश स्थलांतरितांचे पुत्र. फिट्झजेराल्ड यांचे नातू जॉन केनेडी यांनी १९५२ मध्ये लॉज यांच्या नातवाचा सिनेटच्या त्याच जागेवर पराभव केला. १९४६ पासून हिंदुस्थानला वर्षाला शंभरांचा कोटा होता. १९६५ मध्ये राष्ट्रवार कोटे रद्द करणारे विधेयक सिनेटमधून पार नेले धाकटे नातू एडवर्ड केनेडी यांनी, आणि मुंबई, पुणे, बडोदे, हैदराबाद येथील मराठी डॉक्टर-इंजिनिअर पुढे त्याच कायद्याच्या आधारे अमेरिकेत जाऊ लागले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली, तेव्हा हेन्री कॅबट लॉज हेच नाव धारण करणारा नातू सायगावमध्ये अमेरिकेचा राजदूत होता.