डहाणूतली वेठ सरकारी कागदावर आणणारे सायमिंग्टन साहेब

डी. सायमिंग्टन हे आयसीएस अधिकारी, म्हणजे ब्रिटिश सरकारचाच माणूस. १९३० च्या दशकाअखेर मुंबई सरकारनं त्यांच्याकडे आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपवली.

ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, उंबरगाव भागात त्यांना दिसली ती वेठ. जमीनदाराचं बोलावणं आलं की वारल्यानं स्वतःचं शेत सोडून राबायला जायचं. मजुरी एखादा आणा, नाहीतर एका माणसापुरता तांदूळ. नकार दिला तर मार. साहेबांनी हे सगळं अहवालात स्पष्ट लिहिलं.

पण अहवालानं वेठ गेली नाही. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. सरकारला हे नवं नव्हतं, त्यांच्याच अधिकाऱ्यानं ते आधीच लिहून दिलं होतं.