सांधणाऱ्याचे ऋण

साने गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’ आठवते. ही कीर्ती सार्थच आहे. परंतु तिच्या आड गुरुजींच्या जीवनाचा एक कठोर भाग झाकला गेला आहे. दुभंगलेला समाज सांधावा कसा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःचे शरीर पणाला लावून शोधले. आणि त्या साधनेचा आरंभ खानदेशात झाला.

कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धुवीत. दोष दाखविण्याआधी काम आपल्या हाती घ्यावे, ही त्यांची रीत होती. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी दिलेली गीतेवरील प्रवचने त्यांच्याच लेखणीने टिपली गेली.

हीच रीत त्यांनी पुढे समाजाला लावली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सुमारे सहा महिने महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. ते थांबविण्याचा गांधीजींचा सल्लाही त्यांनी नम्रपणे बाजूस ठेवला. दहा दिवसांनी मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. शतकांचा अन्याय एका उपोषणाने पुसला जात नाही. पण ज्यांनी अन्याय केला त्यांच्याच जातीतील एक माणूस त्याचे देणे फेडू लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

त्याहून अवघड प्रसंग वर्षभराच्या आतच आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. हत्या करणाराही महाराष्ट्रीय आणि आग लावणारेही महाराष्ट्रीय. अशा वेळी बहुतेकांनी आपापल्या बाजूचे दुःख मोजले. गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण करून दोन्ही पापांचा भार स्वतःवर घेतला.

त्यांच्या उपोषणाने जळालेली घरे पुन्हा उभी राहिली नाहीत. अनेक कुटुंबांनी गावे कायमची सोडली आणि गावांनी त्या दिवसांविषयी मौन धरले. झाकलेली जखम बरी झाली असे मानणे सोयीचे असते. मात्र कबुलीवाचून केलेली क्षमा उथळ ठरते, आणि जिथे केवळ विसरणे घडते तिथे क्षमेलाही जागा उरत नाही.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतीयांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, ही आंतरभारतीची कल्पना त्यांनी हिरिरीने मांडली. द्वेषावर परिचयाचा उतारा त्यांना सापडला होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

हा अंत समाजालाही प्रश्न विचारतो. सर्वांचे प्रायश्चित्त एकट्याने करावे आणि इतरांनी त्याला वंदन करून मोकळे व्हावे, ही विभागणी न्याय्य नाही. गुरुजींचे स्मरण करायचे तर त्यांच्या खांद्यावरील ओझ्याचा आपला वाटा उचलावा लागेल.